पाव सेंट कुणाचा? अमेरिकी वादकांच्या १९४२ च्या रेकॉर्डिंग-बंदीचा प्रकरण अभ्यास

१ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये वादक यायचे थांबले. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, सगळीकडे तीच गत. नाचघरांत, हॉटेलांत, रेडिओच्या थेट कार्यक्रमांत ते नेहमीसारखे वाजवत होते. बंद होतं ते फक्त तबकडीसाठी वाजवणं. दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही बंदी सव्वादोन वर्षं टिकली. महायुद्ध पेटलेलं होतं. न्याय खात्यानं खटला भरला, सिनेटनं चौकशी लावली, वर्तमानपत्रांनी झोडपलं, शेवटी खुद्द राष्ट्राध्यक्षांची तार आली. वादक हटले नाहीत. सह्या कंपन्यांना कराव्या लागल्या.

कलाकारांनी एकजुटीनं संगीत उद्योगाला वाकवल्याचं उदाहरण म्हणून हे प्रकरण नेहमी सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मला ते केवळ विजयाची गोष्ट म्हणून महत्त्वाचं वाटत नाही. ज्या कारणामुळे हा संप जिंकता आला, त्याच कारणानं चौदा वर्षांनी संघटना आतून फुटली. हा धागा सहसा कुणी हाती घेत नाही, म्हणून तो इथे सविस्तर उलगडून पाहू.

रोजगार कसा गेला

अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स ही वादकांची संघटना १८९६ साली स्थापन झाली. मूकपटांच्या काळात तिच्या सभासदांना थिएटरांचा मोठा आधार होता. पडद्यावर चित्र हलायचं आणि पडद्याखाली बसलेला वाद्यवृंद ते जिवंत करायचा. १९२७ नंतर बोलपट आले आणि चार-पाच वर्षांत सुमारे २० हजार वादकांचा हा आधार सुटला. १९३० मध्ये संघटनेनं वर्तमानपत्रांतून जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. त्यांत एक यंत्रमानव वाद्यं हिसकावून घेताना, संगीत कुस्करताना दाखवलेला असे. लोकांनी त्या जाहिराती वाचल्या आणि बोलपटांची तिकिटं काढली. प्रेक्षकाच्या सद्भावनेवर विसंबून पोट भरत नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

मग ज्यूकबॉक्स आला. नाणं टाकलं की हवी ती रेकॉर्ड वाजते. मग खाणावळीच्या किंवा बारच्या मालकाला तीन-चार वादकांची बिदागी कशाला परवडेल? पाठोपाठ छोट्या रेडिओ केंद्रांनीही तीच वाट धरली. स्वतःचा वाद्यवृंद ठेवण्याऐवजी ती दिवसभर रेकॉर्डी वाजवू लागली.

संघटनेचे अध्यक्ष जेम्स सीझर पेट्रिलो यांचा युक्तिवाद इथूनच सुरू होई. शिकागोच्या गरीब वस्तीत वाढलेले, लहानपणी ट्रम्पेट वाजवणारे पेट्रिलो १९२२ पासून शिकागो शाखेचे प्रमुख होते आणि जून १९४० मध्ये देशाच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं असं: बर्फ विकणाऱ्यानं फ्रिज बनवला नव्हता, घोडागाडी हाकणाऱ्यानं मोटार बनवली नव्हती. वादक मात्र स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या श्वासानं तेच यंत्र घडवतो जे उद्या त्याचीच जागा घेतं. सकाळी स्टुडिओत वाजवलेली धून संध्याकाळी बारमधल्या ज्यूकबॉक्समधून वाजते आणि रात्री त्याच बारमधल्या दुसऱ्या वादकाला घरी बसवते.

या वाक्यातला 'दुसरा वादक' लक्षात ठेवावा. या प्रकरणाचा सगळा गुंता त्याच्यापाशी आहे. रेकॉर्ड वाजवणारा एक असतो आणि त्या रेकॉर्डमुळे बेकार होणारा दुसराच कुणी असतो.

कायद्याची वाट बंद झाली

संपाआधी वादकांनी कायद्याची वाट चोखाळून पाहिली होती. गाणं रचणाऱ्याचा हक्क अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात होता आणि १९१४ साली स्थापन झालेली अॅस्कॅप ही संस्था नाचघरं, हॉटेलं, पुढे रेडिओ यांच्याकडून तो पैसा वसूल करत होती. रेकॉर्डवर प्रत्यक्ष वाजवणाऱ्याला किंवा गाणाऱ्याला असा काहीही हक्क नव्हता. आणि नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांना तर त्याच कायद्यानं रचनाकारांच्या बाबतीतही सूट देऊन ठेवली होती. कायदा झाला तेव्हा ही यंत्रं म्हणजे जत्रेतली गंमत होती. तिचा पुढे केवढा उद्योग होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

१९३० च्या दशकात काही नामवंत वाद्यवृंदप्रमुखांनी ही कोंडी फोडायचा प्रयत्न केला. रेकॉर्डीवर सूचना छापली जाऊ लागली की ही रेडिओवर वाजवण्यास परवानगी नाही. फ्रेड वॉरिंग यांनी एका रेडिओ केंद्रावर खटला भरला आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. वाटलं, दार उघडलं. पण पॉल व्हाइटमन यांच्या रेकॉर्डींवरून न्यूयॉर्कमध्ये असाच वाद उभा राहिला तेव्हा जुलै १९४० मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं उलटा निकाल दिला. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या निकालाचा आशय असा की रेकॉर्ड एकदा बाजारात विकली की ती कुठे, किती वेळा वाजवायची यावर वाजवणाऱ्याचा किंवा कंपनीचा ताबा उरत नाही. दर्शनी किंमत मोजून घेतलेली एक रेकॉर्ड रेडिओ केंद्रानं हजार वेळा वाजवली तरी वादकाला पै मिळणार नव्हती.

पेट्रिलो अध्यक्ष झाल्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. न्यायालयाकडून काही मिळणार नाही हे दिसत होतं आणि नवा कायदा करण्याइतकी वादकांची संसदेत पत नव्हती. वस्तू तयारच न करणं, एवढा एकच मार्ग उरला.

नेम कुणावर धरायचा

पेट्रिलो यांची खरी हुशारी मला इथे दिसते. दुखणं रेडिओचं आणि ज्यूकबॉक्सचं होतं, पण त्यांनी नेम धरला रेकॉर्ड कंपन्यांवर. कंपन्यांनी लगेच कांगावा केला की आम्ही तर रेकॉर्ड घरात ऐकायला म्हणून विकतो, दुसऱ्याच्या पापाची शिक्षा आम्हाला का? नैतिकदृष्ट्या त्या तक्रारीत थोडं तथ्य होतं. पण ज्यूकबॉक्सचे मालक देशभर हजारोंनी विखुरलेले, त्यांचा वादकांशी कसलाही करार नाही. छोट्या रेडिओ केंद्रांचंही तेच. ज्यांना दर आठवड्याला वादकांची गरज होती आणि ज्यांच्याशी संघटनेचा व्यवहार होता, अशा कंपन्या मोजून तीन: आरसीए व्हिक्टर, कोलंबिया आणि डेका. पैसा जिथे एका अरुंद नळीतून वाहतो तिथेच तो अडवता येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि या अभ्यासाचा गाभाच ती आहे. संघटनेचे सुमारे १ लाख ४० हजार सभासद होते. त्यांपैकी रेकॉर्डिंगवर घर चालवणारे मूठभर, तेही बहुतेक तीन शहरांत. बाकीचे लग्नसमारंभांत, नाचघरांत, सर्कशीत, थिएटरांत वाजवणारे होते. अनेक जण तर दिवसा दुसरी नोकरी करून शनिवारी रात्री वाजवत. त्यांच्या आयुष्यात स्टुडिओचं दार कधी उघडलंच नव्हतं. म्हणजे ज्या कामावर बहिष्कार टाकायचा ते काम बहुसंख्य सभासद करतच नव्हते. संप कितीही लांबला तरी त्यांच्या चुलीला धग लागणार नव्हती.

एरवी संप मोडतात ते भुकेनं. महिनाभर पगार नसला की घरात कुरबुर सुरू होते, तीन महिन्यांनी माणसं चोरून कामावर जाऊ लागतात. इथे तसं होण्याचं कारणच नव्हतं. पेट्रिलो यांना याचा एक उलटा अनुभवही होता. १९३७ मध्ये त्यांनी फक्त शिकागोत अशीच बंदी घातली होती. सुमारे दीड वर्षात ती फसली, कारण रेकॉर्डिंगचं काम सरळ न्यूयॉर्कला निघून गेलं. या वेळी बंदी देशभर होती. पळून जायला दुसरं शहर नव्हतं.

दोन घोडचुका

जून १९४२ मध्ये डॅलस इथल्या अधिवेशनात बंदी जाहीर झाली, पण मागणी काय ते पेट्रिलो यांनी सांगितलंच नाही. १ ऑगस्टनंतर रेकॉर्ड करणार नाही, एवढंच. ठोस मागण्या पुढे आल्या त्या फेब्रुवारी १९४३ मध्ये, म्हणजे बंदीला सहा महिने होऊन गेल्यावर. एवढे दिवस लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं ते एका हेकट पुढाऱ्याचं, जो युद्धकाळात संगीत बंद पाडतो पण का ते सांगत नाही. त्यांच्या मधल्या नावावरून 'सीझर' म्हणून हिणवायची आयती सोय वर्तमानपत्रांना होतीच.

दुसरी चूक त्याहून जिव्हारी लागणारी. जुलै १९४२ मध्ये मिशिगनमधल्या इंटरलॉकेन इथल्या उन्हाळी शिबिरात शाळकरी मुलांचा वाद्यवृंद एनबीसी रेडिओवर वाजवणार होता. हौशी मुलांनी फुकट वाजवलं तर व्यावसायिकांचं काम जातं, असं म्हणून पेट्रिलो यांनी ते प्रक्षेपण रद्द करायला लावलं. तत्त्व म्हणून मुद्दा चुकीचा नव्हता. फुकट कामानं बाजारभाव पडतो हे खरंच आहे. पण वाद्यं हातात घेऊन बसलेल्या पोरांना गप्प करणारा माणूस म्हणून जो शिक्का बसला तो कायमचा. चार वर्षांनी संसदेत त्यांच्याविरुद्ध कायदा झाला त्या रागाचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

सरकार काय करू शकलं

थोडंच. न्याय खात्यातले मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख थर्मन अर्नोल्ड यांनी शिकागोच्या न्यायालयात बंदी उठवण्यासाठी दावा लावला. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो फेटाळला गेला: हा कामगार आणि मालक यांच्यातला वाद आहे आणि १९३२ च्या नॉरिस-लाग्वार्डिया कायद्यानं अशा वादात न्यायालयाचे हात बांधलेले आहेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. जानेवारीत पेट्रिलो सिनेटच्या उपसमितीपुढे बसले होते.

युद्धाच्या बाबतीत संघटनेनं एक पथ्य पाळलं. सैनिकांसाठी निघणाऱ्या व्ही-डिस्कना बंदी लागू केली नाही आणि त्यांच्यासाठी सभासदांनी मोबदला न घेता वाजवलं. त्या रेकॉर्डी विकायच्या नाहीत, ही अट होती. आज त्या काळातले अनेक मोठे वादक आपण ऐकू शकतो ते या व्ही-डिस्कमुळेच.

कंपन्यांनी कळ कशी काढली

पहिलं वर्ष कंपन्यांना फारसं जड गेलं नाही. बंदीची चाहूल लागताच जुलैमध्ये स्टुडिओ रात्रंदिवस चालले आणि गाण्यांचा साठा झाला. शिवाय रेकॉर्डींसाठी लागणारी लाख आशियातून यायची. युद्धामुळे ती मिळेना, एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं तिच्या वापरावर कडक कपात लादली. कच्चा मालच इतका कमी होता की नव्या गाण्यांची घाई नव्हती. जुन्या रेकॉर्डी धूळ झटकून पुन्हा बाजारात आल्या. हॅरी जेम्स यांच्या वाद्यवृंदासोबत १९३९ साली गायलेलं फ्रँक सिनात्राचं एक गाणं पहिल्यांदा फारसं चाललं नव्हतं. १९४३ मध्ये कोलंबियानं ते पुन्हा काढलं, या वेळी गायकाचं नाव ठळक करून, आणि ते तुफान खपलं.

नाव ठळक करून, हे तीन शब्द इथे महत्त्वाचे. तोवर रेकॉर्ड असे ती वाद्यवृंदाची. गायक म्हणजे मधल्या एखाद्या कडव्यापुरता उभा राहणारा नोकर. संघटनेच्या लेखी गायक हा वादकच नव्हता, म्हणून त्यांना सभासदत्व नव्हतं आणि बंदीही नव्हती. कंपन्यांनी ही फट बरोबर हेरली. वाद्यांच्या जागी मानवी आवाजांचा ताफा उभा करून सिनात्रा, डिक हेम्स, बिंग क्रॉस्बी यांची गाणी मुद्रित झाली. माउथऑर्गनसुद्धा वापरला गेला, कारण संघटना त्याला वाद्यच मानत नव्हती! कोलंबियासाठी सिनात्राचं स्वतःच्या नावाचं पहिलं मुद्रण जून १९४३ मध्ये झालं ते असं, एकाही वाद्याशिवाय. पुढे पेट्रिलो यांनी गायकांना विनंती करून हा प्रकार बराचसा थांबवला, पण तोवर ऐकणाऱ्यांची सवय बदलली होती. लोक आता गायकाच्या नावानं रेकॉर्ड मागत होते.

मोठ्या वाद्यवृंदांचा अस्त केवळ बंदीमुळे झाला असं मी म्हणणार नाही. तरुण वादक सैन्यात गेले होते, पेट्रोल आणि टायर यांच्या टंचाईमुळे दौरे बंद पडले होते, श्रोत्यांची आवडही बदलत होती. पण बंदीनं तो उतार तीव्र केला. संघटनेनं 'हा आपला नाही' म्हणून ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच्याच हाती पुढच्या काळाची सत्ता गेली.

पहिली सही

सप्टेंबर १९४३ मध्ये डेकानं करार केला. कारण सरळ होतं. व्हिक्टरच्या मागे आरसीए आणि एनबीसी होती, कोलंबियाच्या मागे सीबीएस. रेकॉर्डी थांबल्या तरी त्यांना रेडिओच्या उत्पन्नाचा टेकू होता. डेका मुख्यतः रेकॉर्डींवर जगत होती. ऑक्टोबरमध्ये नवखी कॅपिटॉल त्याच वाटेनं गेली. करार होताच डेकानं ब्रॉडवेवर गाजत असलेल्या 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेची गाणी मूळ संचात, पूर्ण वाद्यवृंदासह मुद्रित केली आणि डिसेंबरमध्ये बाजारात आणली. मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना हात चोळत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

व्हिक्टर आणि कोलंबिया आणखी वर्षभर अडून राहिल्या. जून १९४४ मध्ये युद्धकालीन कामगार मंडळानं बंदी उठवण्याचा आदेश दिला. पेट्रिलो यांनी तो मानला नाही. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार केली. त्यालाही नकार गेला. ज्या कंपन्यांनी आधीच सह्या केल्या त्यांना फसवल्यासारखं होईल, ही त्यामागची बाजू होती, आणि ती मला रास्त वाटते. सरकार सक्ती करत नाही हे दिसताच ११ नोव्हेंबर १९४४ रोजी दोन्ही मोठ्या कंपन्यांनी करार केला.

मिळालं काय? दर रेकॉर्डमागे किमतीनुसार पाव सेंटापासून पाच सेंटांपर्यंत रक्कम. ३५ सेंटांच्या स्वस्त रेकॉर्डवर पाव सेंट, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. अशा दहा लाख रेकॉर्डी खपल्या तर अडीच हजार डॉलर. एवढ्याशा रकमेसाठी बलाढ्य कंपन्या सव्वादोन वर्षं का झगडल्या? प्रश्न रकमेचा नव्हताच. तोवर वादकाला एकदाच पैसे मिळत, वाजवलं त्या दिवसाचे. आता पहिल्यांदा रेकॉर्ड खपण्याशी वादकांचा संबंध जोडला गेला. आणि पैसे जाणार होते ते स्टुडिओत वाजवणाऱ्याच्या खिशात नव्हे, तर संघटनेच्या निधीत. त्या निधीतून बेकार वादकांना बिदागी देऊन बागांत, इस्पितळांत, शाळांत लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करायचे होते. यंत्रानं ज्याचं काम घेतलं त्याला यंत्रानंच काम द्यायचं. कामगार चळवळीच्या इतिहासात इतकी सुंदर कल्पना मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

संसदेचा पलटवार

एप्रिल १९४६ मध्ये ली कायदा झाला. रेडिओ केंद्रांवर गरजेपेक्षा जास्त वादक ठेवण्याची सक्ती करणं हा त्यानं गुन्हा ठरवला. तो 'पेट्रिलोविरोधी कायदा' म्हणूनच ओळखला गेला. पेट्रिलो यांनी शिकागोतल्या एका केंद्राकडे मुद्दाम जादा वादकांची मागणी करून त्याची परीक्षा पाहिली. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. त्याच वर्षीच्या टाफ्ट-हार्टले कायद्यानं मालकांनी संघटनेच्या ताब्यातल्या अशा निधीत पैसे भरणं बेकायदा केलं. करार ३१ डिसेंबर १९४७ ला संपत होता, नव्यानं तसाच करता येत नव्हता. म्हणून १ जानेवारी १९४८ पासून दुसरी बंदी. ती १४ डिसेंबरला सुटली आणि निधी संघटनेकडून काढून स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला. सॅम्युअल रोझेनबॉम हे पहिले विश्वस्त. म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड या नावानं तो आजही चालतो.

ज्यांचं नाव हिशोबात नव्हतं

बंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या छोट्या क्लबांत, रात्र संपता संपता, जॅझची नवी तऱ्हा घडत होती. अर्ल हाइन्स यांच्या १९४३ च्या वाद्यवृंदात ती घडवणारे चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र होते. त्या वाद्यवृंदाचा एक सूरही स्टुडिओत मुद्रित झालेला नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांच्याबरोबरच तो गेला. मोठ्या कंपन्या गप्प असताना सॅव्हॉय, अपोलो अशा छोट्या कंपन्यांनी करार करून हे नवं संगीत आणि कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत बाजारात आणलं. तीन कंपन्यांची जवळपास मक्तेदारी असलेल्या धंद्यात त्यामुळे भेग पडली. पेट्रिलो यांनी हे ठरवून केलं नव्हतं, पण सत्तेचं पारडं हललं ते इथेही.

मात्र संघटनेच्या एकजुटीला एक लाजिरवाणी मर्यादा होती. खुद्द शिकागोत गोऱ्या वादकांची शाखा १० आणि कृष्णवर्णीयांची शाखा २०८ वेगळी होती. न्यूयॉर्कची शाखा सर्वांना खुली होती, पण कित्येक शहरांत अशीच दुभंगलेली व्यवस्था होती. चांगली कामं, रेडिओची आणि मोठ्या हॉटेलांची, गोऱ्या शाखेच्या हद्दीत राहत. लॉस एंजेलिसच्या दोन शाखा १९५३ मध्ये एक झाल्या, शिकागोच्या १९६६ मध्ये. सगळ्यांसाठी म्हणून उभारलेल्या निधीच्या गोष्टीत हे वगळून पुढे जाता येत नाही.

लॉस एंजेलिसचं बंड

आता त्या 'दुसऱ्या वादका'कडे परत येऊ. १९५० च्या दशकात रेकॉर्डिंगचं आणि चित्रपटसंगीताचं काम एकवटलं होतं लॉस एंजेलिसमध्ये. तिथले वादक तासन्‌तास स्टुडिओत राबत. त्यांनी वाजवलेल्या रेकॉर्डी खपल्या की वाढत्या रकमा ट्रस्ट फंडात जात. जुने चित्रपट टीव्हीवर दाखवले जाऊ लागले, त्याचे पैसेही पेट्रिलो यांनी त्याच फंडाकडे वळवले. ज्यानं वाजवलं त्याच्या हाती काही नाही आणि दूरच्या गावात हौसेनं वाजवणाऱ्या अर्धवेळ सभासदाला बागेतल्या कार्यक्रमाची बिदागी मिळते आहे, असं त्यांना दिसू लागलं.

तक्रार करायची कुठे? अधिवेशनात. तिथे मतं होती देशभरच्या शाखांची, आणि स्टुडिओत वाजवणारे तिथे पुन्हा मूठभर. १९४२ मध्ये ज्या बहुमताच्या खांद्यावर संप उभा राहिला, कारण त्या बहुमताला त्याची झळ लागत नव्हती, त्याच बहुमतानं आता झळ सोसणाऱ्यांची मिळकत स्वतःकडे ठेवली. यात कुणी बदमाश नव्हतं. शाखा आपल्या गरीब सभासदांसाठी भांडत होत्या, पेट्रिलो आपल्या आयुष्यभराच्या तत्त्वाला धरून होते. संपाच्या वेळी न विचारलेला प्रश्न फक्त आता उभा राहिला: हा पैसा वाजवणाऱ्याचा, की ज्याला वाजवायला मिळालं नाही त्याचा?

१९५६ मध्ये ट्रम्पेटवादक सेसिल रीड यांच्या पुढाकारानं लॉस एंजेलिसच्या शाखेत बंड झालं. रीड यांना संघटनेतून काढण्यात आलं. १९५८ मध्ये बंडखोरांनी म्युझिशियन्स गिल्ड ऑफ अमेरिका ही वेगळी संघटना काढली आणि त्याच वर्षी हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंतल्या वादकांनी मतदानात तिची निवड केली. पेट्रिलो त्याच उन्हाळ्यात अध्यक्षपदावरून उतरले. १९६१ मध्ये दोन्ही संघटना पुन्हा एक झाल्या, आणि १९६४ पासून कंपन्यांकडून येणाऱ्या रकमेतला वाटा रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांनाही थेट मिळू लागला.

माझ्या मते बंडखोर बरोबर होते, आणि तरीही ट्रस्ट फंड मोडला नाही हेही बरोबर झालं. केवळ वाजवणाऱ्याला पैसा दिला की थोड्यांचं भलं होतं आणि उरलेले संपात साथ द्यायला राहत नाहीत. केवळ निधीत टाकला की राबणारा माणूस तुटतो. ही दोरी दोन्ही बाजूंनी ओढलेली राहावी लागते.

आजचे आकडे

१९९५ मध्ये अमेरिकेनं डिजिटल प्रसारणापुरता का होईना, रेकॉर्डवरच्या कलाकारांचा हक्क मान्य केला. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओकडून साउंडएक्स्चेंज ही संस्था जी रक्कम गोळा करते तिची वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे: ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि ५ टक्के मागे साथ करणाऱ्यांना. त्या पाचांतले अडीच साथीच्या वादकांचे, अडीच साथीच्या गायकांचे. १९४३ मध्ये ज्या आवाजांनी स्टुडिओत वाद्यांची जागा भरून काढली, त्यांचे वारस आणि ज्यांची जागा भरली गेली त्यांचे वारस एकाच निधीतून आपापला वाटा घेतात. हवेतून ऐकू येणाऱ्या साध्या एएम-एफएम रेडिओकडून मात्र अमेरिकेत रेकॉर्डवर वाजवणाऱ्याला आजही काही मिळत नाही. लर्नेड हँड यांच्या निकालानं बंद केलेलं ते दार अजून बंदच आहे.